मुंगीचा धप्पा

मिस्त्रीच्या पाठीत रोज दुपारी एक धप्पा बसायचा, आणि तो बसला की मिस्त्रीचा दिवस मार्गी लागायचा.

धप्पा मारणारी मुंगी. मुंगी म्हणजे मिस्त्रीची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून आत्याने हे नाव ठेवलं, आणि कागदोपत्री असलेलं भारदस्त नाव मग कुणाच्या तोंडी बसलंच नाही. ती राहायची समुद्रापलीकडे, आई आणि आत्याबरोबर, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. आणि मिस्त्री होता पार जगाच्या टोकाला, बर्फावर बांधलेल्या एका संशोधन केंद्रात. तिथले शास्त्रज्ञ बर्फाला खोल भोकं पाडून त्याचं वय काढायचे आणि मिस्त्री त्यांचे जनरेटर चालवायचा. करार तीन हिवाळ्यांचा होता. का केला, कशासाठी केला, ते सोडा. संसारी माणसाला अशी कारणं शोधावी लागत नाहीत, ती दाराशी उभीच असतात. तर मग समुद्रापलीकडची पोर बापाच्या पाठीत धप्पा कशी मारायची? तीच तर सगळी गंमत आहे.

केंद्राच्या जेवणघरामागे एक रिकामी खोली होती. पूर्वी तिथे पिठाची पोती ठेवायचे, त्यामुळे कोपऱ्यांतून अजून पांढरं निघायचं. मिस्त्रीने तिच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, कारण सुरुवातीलाच खेळाच्या भरात तो धावत जाऊन खऱ्या भिंतीवर आपटला होता आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ मिरवत फिरला होता. जेवण झालं की तो या खोलीत यायचा, काळं जाकीट अंगात चढवायचा, त्याचे पट्टे आवळायचा आणि डोळ्यांवर हेडसेट बसवायचा.

“लागली झापडं!” आचारी हातातलं फडकं झटकत दारातून ओरडायचा. “मिस्त्री निघाले माहेरी!”

आणि मिस्त्री निघालेला असायचाही.

डोळ्यांपुढचा काळोख हळूहळू पातळ व्हायचा आणि त्यातून एक घर वर यायचं. आत्याने बनवलेलं घर. आत्या, म्हणजे मिस्त्रीची धाकटी बहीण, अशा आभासी खेळांच्या कंपनीत कामाला होती. हे घर तिने भाचीच्या फर्माइशीवरून उभं केलं होतं, त्यामुळे त्याला शेंडाबुडखा नव्हता. जिना वर जायचा आणि वर गेल्यावर अंगणात उतरायचा. कपाट उघडलं तर आत तळं, तळ्याच्या काठी वाळत घातलेले मोजे. एका खोलीत कायम सकाळ असायची आणि शेजारच्या खोलीत कायम दिवेलागण. उंबरा ओलांडताना अंगावरून उजेड असा सरकायचा की मिस्त्री क्षणभर तिथेच रेंगाळायचा. छताला संत्र्यांची झाडं उलटी लागलेली होती आणि एखादं संत्रं अलगद खाली यायचं, पण जमिनीपर्यंत पोचायचं मात्र नाही. बाहेर खऱ्या जगात वारा पत्रे उपटत असायचा, अन् मिस्त्री त्या संत्र्यांखाली भिंतीकडे तोंड करून आकडे मोजत असायचा. कारण खेळ होता लपंडाव आणि राज्य कायम मिस्त्रीवर.

“पाच, सहा, सात, दहा!”

“बाबा, तू आकडे खातोस!” कपाटातल्या तळ्यामागून आवाज यायचा. “आठ, नऊ कुठे गेले?”

“बर्फात गोठले गं. आलो मी!”

आकडे तो खरंच खायचा. पोर कधी एकदा दिसते असं त्याला व्हायचं. मग तो मुद्दाम चुकीच्या खोल्या धुंडाळायचा, मोज्यांच्या आत वाकून बघायचा, “इथे तर नाही बुवा” म्हणायचा. मागे टुपटुप पावलं वाजायची, त्याचा श्वास अडकायचा आणि पाठीत बसायचा, कमरेच्या जरासा वर, थोडा उजवीकडे, एक इवलासा, उबदार, पाचही बोटं पसरलेला धप्पा.

आता हा धप्पा कुठून आला, तेही ऐका.

याआधी मिस्त्री एकदा सहा महिने असाच दूर जाऊन आला होता. तेव्हा मुंगी दोन वर्षांची होती. त्याने दारातून हात पसरले, आणि पोरीने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. आत्याच्या मागे लपली ती बाहेर येईना. बापाच्या ताटाशेजारी बसेना. तो खोलीत शिरला की ती उठून जायची. आठवडा गेला तेव्हा कुठे तिने त्याच्या बुटाला बोट लावून पाहिलं. मिस्त्री हसण्यावारी नेत राहिला, पण ती गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. पुन्हा जायची वेळ आली तेव्हा तो बहिणीला एवढंच म्हणाला, “सहा महिन्यांत परका झालो होतो. आता तर तीन हिवाळे आहेत. आल्यावर ही मला ओळखणारच नाही बघ.”

“ओळखेल,” आत्या म्हणाली. “माझ्यावर सोड.”

आत्याचं काम तसं विचित्रच. ती स्पर्श बनवायची. खेळात कुणी खांद्यावर हात ठेवला, तर जाकिटातल्या बारीक बारीक मोटरी नेमक्या कशा थरथरल्या पाहिजेत म्हणजे तो हात हातासारखा वाटेल, हे जमवायचं. तिच्या टेबलाशेजारी वाळू भरलेलं एक कापडी धड उभं असायचं. त्याच्या अंगात सेन्सर खोचलेले, आणि दिवसभर कुणी ना कुणी येऊन त्याला थोपटून, ढकलून, मिठी मारून जायचं. त्याला सगळे साहेब म्हणायचे, कारण सगळ्यांचं सगळं तो तोंडातून चकार शब्द न काढता सोसायचा. निघायच्या आदल्या दिवशी आत्याने मुंगीला तिथे नेलं आणि सांगितलं, “हे बाबा आहेत असं समज. दे बघू एक धप्पा.” चार वर्षांच्या मुंगीने टाचा उंचावल्या, साहेबांच्या पाठीत हात हाणला आणि स्वतःच खिदळली. आत्याने सेन्सरांनी टिपलेला तोच हात मिस्त्रीच्या जाकिटात भरून दिला. मग मुंगीला सरळ उभं करून तिची उंची खेळात नोंदवली, कारण खेळात कोण केवढं दिसायचं ते या पहिल्या मापावर ठरतं.

केंद्रातून बाहेरच्या जगाशी बोलायची वाट फार अरुंद. व्हिडिओ त्यातून जायचाच नाही. पण खेळाला चित्रं पाठवावी लागत नाहीत. घर दोन्हीकडच्या यंत्रांत आधीच भरलेलं असतं. इकडून तिकडे जाते ती फक्त हालचाल, कुणाचं डोकं कुठे वळलं, हात कुठे गेला, आणि आवाज. तेवढं त्या वाटेने नीट जायचं. त्यामुळे शास्त्रज्ञांना जे मिळत नव्हतं ते मिस्त्रीला मिळत होतं. त्याची लेक रोज त्याच्या कमरेशी येऊन उभी राहायची, तोच फ्रॉक, त्याच दोन शेंड्या.

तिच्या डोक्यावर हात ठेवायची त्याला सवयच लागली. हेडसेट नसतानाही त्याचा तळवा त्याच उंचीवर थांबायचा. एकदा जनरेटरच्या खोलीत तो विचारात उभा होता आणि हात हवेत, कमरेच्या वर, हलकेच गोल फिरत होता.

“कुणाला गोंजारताय?” आचाऱ्याने विचारलं.

“लेकीला,” मिस्त्री म्हणाला, आणि दोघेही हसले. मग आचारी हसायचा थांबला, म्हणाला, “माझाही मुलगा आहे हो,” आणि चहा ठेवायला निघून गेला.

दुसऱ्या हिवाळ्यात आत्याची बातमी आली. कंपनीला तो लपंडाव आवडला होता. घर जरा मोठं करून त्यांनी तो बाजारात आणला, आणि धप्पा मात्र बदलला नाही, कारण एवढा चांगला धप्पा पुन्हा काही जमेना. मोठ्या माणसांचे हात आणले, नटांचे आणले, यंत्राने बनवून पाहिले. सगळेच थप्पड वाटायचे. मग मुंगीचाच ठेवला.

“म्हणजे कुठल्या कुठल्या लोकांच्या पाठीत आपली मुंगी धपाधप मारत सुटलीये?” मिस्त्रीने विचारलं. तो आणि आत्या खेळातल्या अंगणात बोलत बसले होते. आत्या खेळात बदकाच्या रूपात यायची, कारण नवं शरीर जमवायचा तिला कंटाळा.

“हो ना. काल एका म्हाताऱ्याने लिहून कळवलं, धप्पा बसला आणि मला रडू फुटलं म्हणे. आता पुढे बघ तू, दादा. ही जाकिटं सदऱ्याएवढी पातळ होणार. झापडं जाऊन साधा चष्मा येणार, मग तोही जाणार. वास येईल, ऊब येईल. दूर राहणं म्हणजे काय ते लोकांना आठवणार नाही.”

“आणि खेळ कुठे संपला ते कसं कळणार?”

बदकाने मान तिरकी केली. “ते मात्र अजून कुणाला जमलेलं नाही,” ते म्हणालं.

मुंगीची आई खेळात फार यायची नाही. तिला गरगरायचं. पण अधूनमधून तिचा आवाज यायचा, भांड्यांच्या आवाजात मिसळलेला. “पुन्हा चपला लहान झाल्या बरं का हिला,” ती सांगायची. “फ्रॉकची तर बातच सोडा. तुम्हाला फोटो पाठवायचा म्हटलं तर मेली तोंड फिरवते. चित्र काढून देते म्हणते.” चित्रं मात्र यायची. त्यांत एक बर्फाचा डोंगर असायचा, त्यावर दाढीवाला बाबा आणि त्याच्या बोटाला धरलेली सहा पायांची मुंगी. मिस्त्री ती चित्रं पलंगाशेजारी लावायचा. चपलांचं तो ऐकायचा आणि विसरायचा. चपला काय, सगळ्याच पोरांच्या लहान होतात. त्याला घोर होता तो एकच, दार उघडल्यावर पोर टाहो तर फोडणार नाही ना. प्रत्येक धप्प्याबरोबर तो घोर थोडा कमी व्हायचा.

तिसरा हिवाळा सरला आणि जहाज आलं. मिस्त्रीने जाकीट घडी करून पेटीत ठेवलं. आचाऱ्याने त्याला मिठी मारली आणि पाठीत एक सणसणीत धप्पा ठेवून दिला. “हा घ्या खरा,” तो म्हणाला. मिस्त्री कळवळला. इतक्या दिवसांत कुणी त्याला असं मारलंच नव्हतं.

परतीचा प्रवास त्याला धड आठवतही नाही. पाणी, मग बंदर, मग झाडं. झाडं बघून त्याला वाटलं की कुणीतरी ती सरळ लावून ठेवलीत, छतावरून खाली काढून. वाटेतल्या एका दुकानाचा उंबरा ओलांडताना उजेड बदलेल म्हणून तो थांबला, आणि मागचा माणूस त्याच्यावर आदळला. दुकानाच्या काचेला हात लावल्यावर ती गार लागली, याचं त्याला नवल वाटलं. इमारतीचा जिना वर गेला आणि वरच राहिला. तिसऱ्या मजल्यावर तो दारापुढे उभा राहिला तेव्हा त्याची छाती जनरेटरसारखी धडधडत होती. त्याने घंटी वाजवली, पेटी खाली ठेवली, आणि नकळत कमरेत वाकून उजवा हात पुढे केला, त्या नेहमीच्या उंचीवर.

दार उघडलं. आतून दुपारचं ऊन येत होतं, त्यामुळे समोर कोण आहे ते नीट दिसेना. हात पुढे केला होता तिथे डोकं नव्हतं. तिथे एका पिवळ्या सदऱ्याचं तिसरं बटण होतं. मिस्त्रीने वर पाहिलं. उंच, किडकिडीत, आखूड कापलेल्या केसांची, चष्मा लावलेली एक मुलगी दार धरून उभी होती. शेजाऱ्यांची असेल, असं वाटून तो हसला आणि प्रेमाने म्हणाला,

“काय गं, मुंगी आहे का घरात?”

बोलला आणि तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते त्याने पाहिलं. ओठ थोडे उघडले, मिटले. चष्म्यामागचे डोळे भरून आले. ती टाहो फोडून रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती वळली आणि आत पळत गेली. आतलं एक दार बंद झाल्याचा आवाज आला.

तीन हिवाळे मिस्त्रीने एकच भीती सांभाळली होती, की पोर आपल्याला ओळखणार नाही. आणि पोरीने ओळखलं होतं. ओळखलं नव्हतं ते बापाने.

स्वयंपाकघरातून मुंगीची आई आली. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि काय घडलं ते तिला सांगावं लागलं नाही. तिच्या मागोमाग आत्या आली, बदक नसलेली, केसांत थोडी पांढरी बट आलेली.

“तू उंची बदलली का नाहीस?” मिस्त्रीने तिला विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. “तुझं कामच आहे ना ते?”

“बदलली होती रे,” आत्या हळू आवाजात म्हणाली. “पहिल्याच वर्षी. तर ही रडून रडून लाल झाली. म्हणाली, परत लहान कर, मी मोठी झाले तर बाबांना सापडणार नाही. तेव्हापासून फोटो नाही, काही नाही. मला वाटलं, खेळ तर आहे. राहू दे तिला लहान.”

मिस्त्रीला राग आला नाही. राग कुणाचा धरायचा? आपणच रोज जाऊन एका चार वर्षांच्या पोरीशी खेळत राहिलो आणि खरी पोर तिच्या मागे उभी राहून वाढत राहिली. तिचे दात पडले, नवे आले, चष्मा लागला. आपल्याला भेटायला यायचं म्हणून ती रोज जुन्या मापात स्वतःला कोंबत होती. हे सगळं त्याला त्या उंबरठ्यावर एकदम कळलं.

“जाऊन समजूत काढू का तिची?” मुंगीच्या आईने विचारलं.

“नको,” तो म्हणाला. “राज्य माझ्यावर आहे.”

तो आत गेला. बूटसुद्धा काढले नाहीत. बैठकीच्या खोलीत, खिडकीशेजारच्या मोकळ्या भिंतीला त्याने कपाळ टेकलं आणि डोळ्यांवर हात धरले. भिंत टणक होती, तिला चुन्याचा वास येत होता. तो मोजायला लागला. एक, दोन, तीन. घरात सगळे थांबले होते. नळ ठिबकत होता, खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मोजून संपलं तरी त्याने डोळे उघडले नाहीत आणि शोधायलाही गेला नाही. तो तसाच उभा राहिला, पाठ खोलीकडे करून. पाठ एवढी उघडी कधी वाटली नव्हती त्याला. अंगात जाकीट नव्हतं, नुसता सदरा.

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग एक दार करकरलं. पावलं वाजली, पण टुपटुप नाही. लांब टाकलेली, सावध पावलं, आणि ती मध्येच थांबली. मिस्त्रीने श्वास रोखून धरला. त्याची पाठ कमरेच्या जरा वर, थोडं उजवीकडे, वाट बघत राहिली.

धप्पा तिथे बसलाच नाही. तो बसला दोन्ही खांद्यांच्या मधोमध, असा जोरात की कपाळ भिंतीवर आपटलं. लांब बोटांचा, हाडाला लागणारा, घामेजलेला हात. या हाताला टाचा उंचावाव्या लागल्या नव्हत्या. त्यात राग होता, आणि राग होता म्हणूनच तो तिथून लगेच निघाला नाही. तिथेच राहिला, सदरा मुठीत धरून.

मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांच्या पाठीत जो पडत होता तो हात आता कुणाचाच नव्हता. हा नवा होता, आणि तो फक्त त्याच्याच पाठीत पडला होता.

“मुंगी,” तो भिंतीलाच म्हणाला. “ओळखली.”

“उगाच काय,” मागून आवाज आला. रडून जड झालेला, नाकातून आलेला. सदऱ्यावरची मूठ जरा घट्ट झाली आणि मग सुटली. “धप्पा दिलाय मी. परत तुझ्यावरच राज्य.”

“घेतो,” मिस्त्री म्हणाला.

पावलं लपायला धावली. मिस्त्रीने पुन्हा भिंतीला कपाळ टेकलं आणि मोठ्याने, सावकाश मोजायला सुरुवात केली. या वेळी त्याने एकही आकडा खाल्ला नाही.